बातमी आणि शुभवर्तमान



लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायातील पहिल्या नऊ ओव्या या अभ्यासपाठाचा आधार आहेत. घरातील कोणी तरी त्या मोठ्याने वाचाव्यात आणि मग पुढे वाचावे, ही विनंती.

येशूकडे लोक नाना कारणांनी येत. कोणी आजार घेऊन येई, कोणी शंका घेऊन, कोणी त्याला शब्दांत पकडायला. या ठिकाणी मात्र काही माणसे केवळ एक बातमी घेऊन आलेली आहेत. यज्ञ अर्पण करीत असलेल्या काही गालीलकरांना पिलाताने ठार मारले आणि त्यांचे रक्त त्यांच्याच यज्ञबळींच्या रक्तात मिसळले, अशी ती बातमी. वाहिनीवर लाल पट्टीत सरकत राहावी अशी. तिच्यात रक्त आहे, राजकारण आहे, धर्माची विटंबना आहे, परकी सत्ताधीश आहे. शिवाय मेलेले लोक गालीलचे, म्हणजे येशूच्याच मुलखातले.

सांगणाऱ्यांची अपेक्षा काय असावी याचा आपण अंदाज करू शकतो. येशूने पिलाताचा कडक शब्दांत निषेध करावा, किंवा त्या गालीलकरांचे काही तरी पाप असेल म्हणून असे झाले असे सांगावे. बातमी ऐकल्यावर माणूस साधारण या दोनपैकी एक करतो: संतापतो किंवा निवाडा देतो. येशू दोन्ही करीत नाही. तो उलट त्यांनाच विचारतो, की हे गालीलकर इतरांपेक्षा अधिक पापी होते असे तुम्हांला वाटते काय? आणि मग स्वतःच दुसरी एक बातमी काढतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे चिरडली गेली होती, त्यांच्याविषयीही तो तेच विचारतो. म्हणजे बातम्या येशूलाही ठाऊक होत्या, मेलेल्यांच्या आकड्यासकट ठाऊक होत्या. जगाकडे पाठ करून बसणारा तो नव्हता. पण दोन्ही बातम्यांचे टोक त्याने ऐकणाऱ्याकडे वळविले: तुमचे काय? तुम्ही बदलणार आहात काय?

आणि लगेच त्याने अंजिराच्या झाडाचा दृष्टान्त सांगितला. तीन वर्षे फळ नाही, तेव्हा मालक म्हणतो, तोडून टाक, उगाच जागा कशाला अडवायची. माळी म्हणतो, एक वर्ष थांबा, भोवती खणतो, खत घालतो. आमच्या मते हा दृष्टान्त कोणत्याही पंडितापेक्षा शिंदखेडा तालुक्यातील शेतकऱ्याला लवकर कळेल. आळे करून शेणखत घालणे म्हणजे काय हे ज्याने केले आहे त्यालाच माहीत. पिलात आणि बुरूज या दोन मोठ्या बातम्यांनंतर येशू आपल्याला थेट शेणखतापाशी आणून सोडतो, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. दूरची बातमी ऐकली, आता घरी जा आणि आपल्या झाडाभोवती खणा.

आज आपली अडचण अशी आहे की एक बातमी ऐकून घरी जाऊन खणायला वेळच उरत नाही. खुरपे हातात घेईपर्यंत दुसरी आलेली असते.

बातम्या संपत असत तेव्हा

आपल्यापैकी जे पन्नाशीच्या पुढे आहेत त्यांना आठवत असेल, की बातम्यांना शेवट असे. सकाळी आकाशवाणीच्या प्रादेशिक बातम्या, संध्याकाळी सात वाजता दूरदर्शनवर मराठी बातम्या, आणि निवेदकाने नमस्कार केला की संपले. वर्तमानपत्र गाडीने येई, एका घरातले चार घरांत फिरे, आणि दुसऱ्या दिवशी त्यात किराणा बांधला जाई. पारावर कोणी तरी विचारी, “काय खबर शे रे भाऊ?” आणि खबर नसेल तर “काही नही” असे उत्तरही चालत असे. आज ते उत्तर कोठेच ऐकू येत नाही. २००७ साली मराठीत चोवीस तास बातम्यांच्या वाहिन्या सुरू झाल्या. ज्याला चोवीस तास भरावयाचे आहेत तो बातमी नाही असे कसे म्हणणार? पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले, आणि जे टीव्हीच्या पेटीत होते ते खिशात आले. खिशातून उशाखाली.

‘निरोप्या’ हे आपले जुने मासिक १९०३ साली सुरू झाले. त्या नावावर क्षणभर थांबण्यासारखे आहे. निरोप कोणी तरी पाठवितो, कोणासाठी तरी पाठवितो, आणि निरोप मिळाला की काही तरी करावे लागते. निदान उलट निरोप तरी द्यावा लागतो. मावशीला बरे नाही असा निरोप आला की आपण पिशवी भरून एस.टी. पकडतो. बातमीला असा धनी नाही. ती कोणी पाठविली, आपल्यालाच का, आणि आपण आता काय करायचे, यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर तिच्याबरोबर येत नाही. म्हणून ती आतल्या आत साचते.

फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात संत पौल तुरुंगात आहे आणि बातमीची वाट पाहतो आहे. तिमथ्याला पाठवितो, तो तुमची हकिकत घेऊन आला की मला धीर येईल, असे लिहितो. एपफ्रदीत आजारी पडला होता, त्याच्या आजाराची बातमी फिलिप्पैला पोहोचली, आणि तिकडे लोक काळजीत पडले म्हणून एपफ्रदीतच अस्वस्थ झाला. दुसऱ्या अध्यायाचा शेवटचा भाग वाचून पाहा. तिथे बातमी म्हणजे माणसांचा एकमेकांशी असलेला जिव्हाळा आहे. हाच पौल दोन पानांनंतर आनंद करा म्हणून सांगतो आणि जे सत्य, शुद्ध व प्रशंसनीय आहे त्याचा विचार करावयास सांगतो. ज्याच्या डोक्यावर खटल्याची तलवार टांगलेली आहे तो आनंदाची गोष्ट बोलतो आहे. जगाची बरी बातमी येईपर्यंत त्याने आनंद राखून ठेवला नव्हता.

राईनपाडा

आता जी गोष्ट सांगावयाची ती आपल्याच धुळे जिल्ह्यातील आहे. ती जड आहे, पण तिच्याशिवाय हा पाठ पुरा होणार नाही.

२०१८ सालच्या जागतिक संपर्कमाध्यम दिनासाठी पोप फ्रान्सिस यांनी खोट्या बातम्या हाच विषय घेतला होता. एदेन बागेतील सर्पाने हव्वेच्या कानात जे घातले ती पहिली खोटी बातमी, असे त्यांनी त्या संदेशात दाखवून दिले. सर्पाने सगळेच खोटे सांगितले नव्हते. थोडे खरे, थोडे वाकडे, आणि सारे हितचिंतकाच्या सुरात. हा दिवस त्या वर्षी १३ मे रोजी पाळला गेला. त्यानंतर बरोबर सात आठवड्यांनी, रविवार १ जुलै २०१८ रोजी, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी पाच माणसे जमावाच्या हातून ठार झाली. ती बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीची, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी होती. मुले पळविणारी टोळी फिरते आहे असे संदेश त्या दिवसांत मोबाईलवरून गावोगाव पसरले होते. त्या संशयावरून त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारले.

त्या काळात देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीतील होती. लहान मुलांना जपा हे सांगण्यासाठी एका संस्थेने ती तयार केली होती. तिच्यात मोटारसायकलवरचे दोघे मुलाला उचलतात आणि शेवटी परत आणून सोडतात व सावध राहण्याचा संदेश दाखवितात. कोणी तरी शेवट कापला आणि उरलेले पुढे पाठविले. सर्पाचीच पद्धत. ज्यांनी ते पुढे पाठविले त्यांतील बहुतेकांचा हेतू वाईट नसणार. एखाद्या आईने बहिणीला पाठविले असेल, शिक्षकाने पालकांना पाठविले असेल, ‘सावध राहा’ असे लिहून. काळजीपोटीच.

आणि येथे येशूचा प्रश्न जसाच्या तसा उभा राहतो. राईनपाड्याचे लोक जिल्ह्यातील इतर सर्व लोकांपेक्षा अधिक क्रूर होते असे आपल्याला वाटते काय? तसे समजण्याचे काही कारण नाही. तीही आपल्यासारखीच शेतात राबणारी, लेकरांना जपणारी माणसे. दिवसामागून दिवस एकच भीती ऐकून त्यांचे मन वाळलेल्या पऱ्हाटीसारखे झाले होते. ठिणगीचा अवकाश होता. पुढे १६ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या दिवसांत, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक असेच अफवेला बळी पडले. आपण तेव्हा काय केले? बहुतेकांनी ती चित्रफीत पाहिली, आणि ‘काय माणसे आहेत ही’ असे म्हणून पुढे पाठविली.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा जाहीर केली. एप्रिल २०२० पासून फार वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी जातो. यंत्राला संयम शिकविला गेला. आम्हांला वाटते, माणसाने यंत्राच्या मागे राहू नये.

त्या रविवारी, १ जुलै २०१८ रोजी, जगभरातील कॅथलिक मंदिरांत वाचले गेलेले शुभवर्तमान मार्कच्या पाचव्या अध्यायातील होते: याईराची मुलगी. तेथेही एका बापाला आपल्या लेकराची भीती आहे. आणि तेथेही वाटेत एक बातमी येते. घरून माणसे येऊन सांगतात, मुलगी गेली, आता गुरुजींना त्रास कशाला देता. येशूने काय केले याविषयी मार्क जो ग्रीक शब्द वापरतो त्याचे दोन अर्थ होतात: सहज कानावर पडले, आणि ऐकूनही मनावर घेतले नाही. दोन्ही अर्थ येथे शोभतात. तो बापाकडे वळून सांगतो की भिऊ नकोस, विश्वास धर. मग घरी पोहोचल्यावर रडारड करणाऱ्या गर्दीला तो बाहेर काढतो. आईबाप आणि तीन शिष्य तेवढे आत. मुलगी उठल्यावर तिला खायला द्या असे सांगतो. गलका बाहेर आणि काम आत, असे ते चित्र आहे.

अलिपियसचे डोळे

बातम्यांची ही ओढ आजची नाही. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या सतराव्या अध्यायात लूक अथेन्सच्या लोकांविषयी एक टोमणा मारून जातो: काही तरी नवे सांगणे आणि ऐकणे यापलीकडे त्यांना दुसरा उद्योग नव्हता. हे शहर साधे नव्हे, सोक्रेटिस आणि प्लेटोचे शहर. तेथे पौलाने प्रवचन केले, तेही एक नवलच म्हणून ऐकले गेले. पुनरुत्थानाचा विषय निघाल्यावर काहींनी थट्टा केली आणि काही म्हणाले, पुन्हा केव्हा तरी ऐकू. मोजक्यांनी विश्वास ठेवला.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कन्फेशन्स’ या ग्रंथाच्या सहाव्या भागात अलिपियस या मित्राची हकिकत दिली आहे. हा सरळ मार्गाचा तरुण रोममध्ये कायदा शिकत होता. माणसांना माणसांशी झुंजवून मारण्याचे खेळ तेथे चालत; त्याला त्यांची किळस होती. एके दिवशी मित्रांनी त्याला ओढून नेले. तो म्हणाला, शरीर न्या, डोळे माझे आहेत, मी ते मिटून बसेन. आणि तो खरोखर मिटून बसला. पण कान मिटायचे राहिले. गर्दीतून एकदम प्रचंड आरोळी उठली, आणि काय झाले ते पाहून पुन्हा डोळे मिटू असे म्हणून त्याने डोळे उघडले. मग ते मिटलेच नाहीत. तो ओरडू लागला, पेटला, आणि नंतर स्वतःच इतरांना तेथे घेऊन जाऊ लागला. पुढे हाच अलिपियस परिवर्तन पावून महागुरुस्वामी झाला, हे सांगितले पाहिजे. पण ते बऱ्याच काळाने. “फक्त काय झाले ते पाहतो” असे म्हणून रात्री दहा वाजता मोबाईल हातात घेणाऱ्या प्रत्येकाची ही गोष्ट आहे.

त्याच ग्रंथाच्या दहाव्या भागात ऑगस्टीन विचारतात की छिन्नविच्छिन्न प्रेत पाहण्यात कोणते सुख आहे? तरी ते पडले आहे म्हटले की लोक धावतात, पाहून खिन्न होतात, आणि स्वप्नात दिसेल म्हणून घाबरतात. साधारण सोळाशे वर्षांपूर्वी लिहिलेले हे आहे. अपघाताच्या चित्रफिती ज्या गटांतून फिरतात त्या गटांना हे वाचून दाखवावे असे अनेकदा वाटते.

संत थॉमस अक्वायनस यांनी या विषयाची अधिक शांतपणे मांडणी केली. ‘सुम्मा थिऑलॉजिया’त ते अभ्यासवृत्ती आणि चौकसपणा यांत भेद करतात. ज्ञानाची इच्छा मुळात चांगली. देवानेच ती दिली आहे. पण तिलाही भुकेसारखी शिस्त हवी, म्हणून ही शिस्त त्यांनी संयम या सद्गुणाच्या घरात ठेवली. अन्नपाण्याच्या संयमाच्या शेजारी. चौकसपणा बिघडतो कसा, याची जी कारणे ते देतात त्यांतील दोन आपल्या कामाची आहेत. एक, जे जाणून घेणे आपले कर्तव्य आहे ते सोडून कमी महत्त्वाच्या गोष्टीमागे लागणे. दोन, दुसऱ्याचे वागणे तुच्छ लेखण्यासाठी किंवा निंदेसाठी न्याहाळणे. पहिल्याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही: अमेरिकेच्या निवडणुकीत कोणत्या राज्यात कोण पुढे आहे हे तोंडपाठ, आणि आपल्या मुलाचा गणिताचा पेपर कसा गेला हे माहीत नाही.

तेव्हा येथे प्रश्न चांगल्या आणि वाईट बातमीचा नाही. भाकरी चांगली असते, म्हणून कोणी दिवसभर खात बसत नाही.

एक आक्षेप

कोणी म्हणेल, फादर, जग जळत असताना डोळे मिटून बसायचे काय? हा आक्षेप हलका नाही. ज्याला काहीच माहीत नाही त्याला कोणीही फसवू शकतो. कापसाचा भाव, मिरचीची आवक, पावसाचा अंदाज, पीक विम्याची शेवटची तारीख, शाळेच्या प्रवेशाचे नियम, ग्रामसभेतील ठराव हे सारे जाणून घेतलेच पाहिजे. या बातम्या पाहा कशा आहेत: वाचल्या की उठून काही तरी करावे लागते. त्या निरोपासारख्या आहेत.

मोठ्या प्रश्नांच्या बातम्याही अशा होऊ शकतात. ‘सुवार्ता’ या वसईच्या मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ या काळात महिन्यातून एकदाच येणाऱ्या त्या अंकातून लोकांना जागे केले आणि हरित वसईच्या चळवळीत स्वतः उतरले. बातमी, विचार आणि कृती यांच्यात तेथे नाते होते. महिन्यातून एकदा! आज एखाद्या विषयावर तासाला दहा संदेश येतात, आणि आठवड्याने तो विषय कोणाला आठवत नाही.

दुसरे असे की अधिक पाहिल्याने अधिक खरे कळते, हेही नेहमी बरोबर नाही. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत अनेक घरे रात्रभर टीव्हीसमोर जागली. काही वाहिन्यांनी कराचीचे बंदर उद्ध्वस्त झाले असे दाखविले. ते खरे नव्हते. जो माणूस नऊ वाजता दिवा मालवून झोपला आणि सकाळी वर्तमानपत्र वाचले, त्याला रात्रभर जागलेल्यापेक्षा खरी हकिकत अधिक कळली. कोरोनाच्या साथीत, मार्च २०२० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेनेही लोकांना हेच सांगितले होते, की ज्या बातम्यांनी जीव घाबरा होतो त्या कमी पाहा, दिवसातून एक-दोनदा ठरावीक वेळी माहिती घ्या, आणि ती विश्वासू ठिकाणाहून घ्या. ख्रिस्तसभा तर हे फार आधीपासून सांगत आली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी संपर्कमाध्यमांवरील आदेश प्रसिद्ध केला. टीव्ही आपल्याकडे पोहोचण्याच्या कितीतरी आधी त्या आदेशात वाचक व प्रेक्षकांना मिताचाराचा सल्ला आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१२ च्या संदेशाला विषयच ‘मौन आणि शब्द’ असा दिला. ज्याला मौन माहीत नाही त्याला शब्दही नीट ऐकू येत नाही, असा त्या संदेशाचा रोख होता.

आपल्या लोकांची भीती

एका गोष्टीविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. आपण संख्येने थोडे आहोत. कोठे चर्चवर हल्ला झाला, कोठे प्रार्थनासभा बंद पाडली, कोठे धर्मगुरूंना अटक झाली, अशा चित्रफिती आपल्या गटांतून सतत येतात. त्यांतील काही खऱ्या असतात. ३ मे २०२३ पासून मणिपूरमध्ये जे घडले ते खरे आहे आणि दुःखाचे आहे. काही मात्र जुन्या असतात, दुसऱ्या देशातील असतात, किंवा शेवट कापलेल्या असतात. खऱ्या-खोट्याचे हे मिश्रण रोज पाहून आपल्यातील काही घरे शेजाऱ्यापासून अंग चोरू लागली आहेत. ज्या शेजारणीकडून पिढ्यानपिढ्या दिवाळीचा फराळ आला आणि जिच्याकडे नाताळची करंजी गेली, तिच्याकडे पाहण्याची नजर मोबाईलने बदलावी, हे आम्हांला पिलाताच्या बातमीहून अधिक चिंतेचे वाटते.

आपला भाऊबंद खरोखर संकटात असेल तर आपल्याला तीन गोष्टी करता येतात: प्रार्थना, मदत, आणि योग्य ठिकाणी दाद मागणे. चित्रफीत पुढे पाठविणे ही चौथी गोष्ट नव्हे. असा संदेश आला तर तो आधी धर्मगुरूंना किंवा धर्मग्राम परिषदेच्या सभासदाला दाखवावा. खरे असेल तर रविवारच्या पवित्र मिस्सामध्ये त्यासाठी प्रार्थना होईल व मदतीची व्यवस्थाही सांगितली जाईल.

घरात काय करावे

हे नियम नव्हेत. प्रत्येक घराने आपले पाहून ठरवावे.

सकाळी पहिला शब्द देवाचा असावा. डोळे उघडल्यावर क्रुसाची खूण करण्याआधी हात मोबाईलकडे जात असेल तर मोबाईल रात्री दुसऱ्या खोलीत ठेवावा. एकच खोली असेल तर पिठाच्या डब्यावर ठेवावा. उठून जावे लागेल एवढा तरी तो दूर असावा. बातमीची वेळ ठरवावी, आणि शक्यतो छापील वर्तमानपत्र वाचावे, कारण त्याला शेवटचे पान असते. जेवताना आणि रोजरीच्या वेळी टीव्ही बंद. रविवारी मिस्साहून आल्यावर संध्याकाळपर्यंत बातम्यांचा उपवास करून पाहावा. पहिल्या दोन रविवारी बेचैनी वाटेल. उपवासाच्या पहिल्या दिवशी भूक लागतेच. मारहाणीची, अपघाताची, प्रेताची चित्रफीत उघडूच नये. अलिपियसची आठवण ठेवावी. आणि जे आपण स्वतः खात्री केलेले नाही ते पुढे पाठवू नये, त्यासोबत ‘काळजीपोटी’ असे लिहिले असले तरी.

घरात टीव्ही दिवसभर चालू ठेवणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींविषयी मात्र घाई करू नये. मुले सुरतेला किंवा पुण्याला, घरात एकटी माय, अशी घरे आपल्याकडे थोडी नाहीत. तिला बातम्यांशी काही कर्तव्य नसते. घरात माणसाचा आवाज असावा म्हणून ती टीव्ही लावून भाकरी करते. तिला जाऊन संयमाचे व्याख्यान देणे हा क्रूरपणा होईल. तिचा टीव्ही बंद व्हावा असे वाटत असेल तर कोणी तरी जाऊन तिच्या ओट्यावर अर्धा तास बसले पाहिजे. आपल्या तरुण मंडळाने हे काम अंगावर घ्यावे. गल्लीत कोण आजारी आहे, कोणाचा कापूस वेचायचा राहिला आहे, कोणाच्या घरी चूल मंद आहे, या बातम्या कोणतीही वाहिनी देत नाही. त्या अशा ओट्यांवरच मिळतात.

आपल्या भाषेत दैनिकाला वर्तमानपत्र म्हणतात आणि येशूच्या सुवार्तेला शुभवर्तमान. एकाच शब्दाची ही दोन घरे. शुभवर्तमान हीही बातमीच आहे, पण ती ऐकल्यावर मरियेने काय केले ते लूक दुसऱ्या अध्यायात सांगतो. मेंढपाळ धावत आले, देवदूतांची हकिकत सांगितली, ऐकणारे सर्व आश्चर्यचकित झाले. तिने मात्र त्या गोष्टी अंतःकरणात ठेवून त्यांचे मनन केले. तिने त्या बातमीला मुरायला वेळ दिला.

लहान ख्रिस्ती समूहांच्या या महिन्यातील बैठकीत लूक १३:१-९ हा उतारा घ्यावा आणि प्रत्येकाने या आठवड्यात ऐकलेली एकच बातमी सांगून, तिच्याबाबत आपल्याला काय करता येईल, एवढ्यावरच बोलावे. राजकीय चर्चा सुरू झाल्यास समूहप्रमुखांनी प्रेमाने थांबवावी. येत्या रविवारपासून चर्चच्या दाराशी एक पेटी ठेवली जाईल. तिच्यात चिठ्ठी टाकावी: वरच्या ओळीत बातमी, खालच्या ओळीत आपले घर तिच्यासाठी काय करणार आहे ते. नाव लिहिण्याची गरज नाही. खालची ओळ कोरी असली तरी चिठ्ठी चालेल. शनिवारी संध्याकाळी पेटी उघडून त्यांतील बातम्या रविवारच्या श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत घेतल्या जातील.